‘आर’ अक्षराचा शिक्का

एप्रिल १८६६. पॅरिसमध्ये ज्यूल होल्झाप्फेल नावाच्या चित्रकाराने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्या वर्षीच्या ‘सालों’साठी पाठवलेले त्याचे काम परीक्षक मंडळाने नाकारले होते. मंडळ नाकारते त्या अर्थी माझ्यात गुण नाही, अशा आशयाची चिठ्ठी त्याने मागे ठेवल्याचे तेव्हा छापून आले. एमिल झोला त्या वेळी सव्वीस वर्षांचा होता. त्याने वृत्तपत्रातून मंडळावर अशी झोड उठवली, की वाचकांच्या तक्रारींमुळे त्याची लेखमाला आटोपती घ्यावी लागली.

एका प्रदर्शनात चित्र लागले नाही म्हणून माणूस जीव का देईल? आधुनिक चित्रकलेचा उगम समजून घ्यायचा तर, माझ्या मते, सुरुवात या प्रश्नापासून करावी. आपल्याकडच्या पुस्तकांत दृक्प्रत्ययवादाची कथा बहुधा प्रकाशाची असते: कॅमेरा आला, धातूच्या नळीत भरलेले तैलरंग आले, चित्रकार उन्हात जाऊन बसला. यात खोटे काही नाही. पण जॉन रँडने रंगाच्या नळीचे पेटंट घेतले ते १८४१ साली, आणि मोने, पिसारो, रन्वार, देगा यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले ते १८७४ साली. मधल्या तेहतीस वर्षांचा उलगडा नळीने होत नाही.

सालों हे सरकारी आश्रयाखालचे प्रदर्शन. चित्रकाराला नाव, पदक, सरकारी खरेदी आणि गिऱ्हाईक मिळण्याची मोठी जागा तीच. नाकारलेल्या चित्रामागच्या लाकडी चौकटीवर ‘आर’ हे अक्षर उमटवले जाई. ‘नाकारले’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचे ते आद्याक्षर. शिक्का बसलेले चित्र विकणे अवघडच. १८६३ साली आलेल्या पाच हजारांहून जास्त कामांपैकी निम्म्याहून अधिक नाकारली गेली, तेव्हा ओरड इतकी झाली की तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचे वेगळे प्रदर्शन भरवायला लावले. एदुआर मानेचे ‘गवतावरचे भोजन’ तिथलेच. (हा माने आपल्या सातारा-सांगलीकडचा वाटला तर नवल नाही, मोने वेगळा, त्याचे नाव क्लोद.) लोक आले ते हसायला. शिक्का मंडळाच्याच हातात राहिला.

तो हलवला एका व्यापाऱ्याने. पॉल द्युराँ-रुएल हा कट्टर कॅथलिक आणि राजेशाहीचा पाठीराखा; बंडखोरांचा पाठीराखा म्हणून असा माणूस कोणी सुचवला नसता. १८७०च्या युद्धामुळे तो लंडनला गेला. मोने आणि पिसारोही तिथेच आले होते. ओळख झाली आणि खरेदी सुरू झाली. पॅरिसला परतल्यावर १८७२ साली त्याने मानेची तेवीस चित्रे पस्तीस हजार फ्रँकला एकदम उचलली. ही रीत नवी होती. तो चित्र विकत घेत नव्हता, चित्रकार घेत होता: जमेल तितका माल साठवायचा, चित्रकाराला उचल द्यायची, पुढे एकेकाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवायचे आणि भावाची वाट पाहायची.

चित्रकारांनी स्वतःचाही मार्ग करून पाहिला. १८७४चे ते प्रदर्शन भागभांडवल गोळा करून काढलेल्या मंडळीचे होते. परीक्षक नाहीत, प्रवेश एक फ्रँक. नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत महिनाभरात सुमारे साडेतीन हजार माणसे आली. वर्षअखेर हिशेब झाला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या नावे १८४ फ्रँक ५० सेंटिमचे देणे निघाले आणि मंडळी गुंडाळली गेली. पुढच्या वर्षी मोने, रन्वार, सिसले आणि बर्थ मोरिसो यांनी चित्रे लिलावात काढली, तर गोंधळ आवरायला पोलीस बोलवावे लागले. ‘दृक्प्रत्ययवादी’ हे थट्टेने चिकटलेले नाव पदरी पडले, पण नावाने घरभाडे भागत नाही.

द्युराँ-रुएलही सुखात नव्हता. १८८२ साली ‘युनियन जेनेराल’ ही बँक बुडाली आणि तिच्या आधारावर उभी राहिलेली त्याची खरेदी कर्जात रुतली. १८८६ साली तो सुमारे तीनशे चित्रे घेऊन न्यूयॉर्कला गेला. तिथे सालोंच्या शिक्क्याचा धाक कमी होता. चित्रे खपली, पुढे वर्षभरातच तिथे त्याचे दुकान झाले. आपली कामे अमेरिकेला जाताना पाहून मोने मात्र कुरकुरत होता, आणि त्याआधीच त्याने जॉर्ज पती या द्युराँ-रुएलच्या स्पर्धकाशीही व्यवहार सुरू केला होता. मला ही कुरकुर महत्त्वाची वाटते. परीक्षकांच्या हातून सुटलेला चित्रकार आता दुकानदाराच्या वहीत आला होता, हे त्याला कळत होते.

सरकारी दार त्यानंतरही पुरते उघडले नाही. चित्रकार आणि संग्राहक ग्युस्ताव्ह कायबोत १८९४ साली वारला. मित्रांची साठाहून अधिक चित्रे त्याने मृत्युपत्राने राष्ट्राला दिली होती, तीही माळ्यावर टाकू नयेत अशा अटीवर. दोन वर्षे वाटाघाटी चालल्या. रन्वार मृत्युपत्राचा व्यवस्थापक होता. अखेर सरकारने सुमारे चाळीस चित्रे निवडली. १८९७ साली ती लक्झेंबर्ग संग्रहालयात लागली, तेव्हा कला अकादमीने मंत्र्याकडे लेखी निषेध नोंदवला. बाकीची चित्रे कायबोतच्या वारसांकडे परत गेली.