कड्यातून साकारलेले ऋषभदेव

परभणी जिल्ह्यातील जिंतूरजवळच्या नेमगिरीवर डोंगराच्या पोटातील जिनमूर्ती पाहिल्यावर मांगीतुंगीचे भव्य शिल्पही आवर्जून पाहावे.

● ठिकाण : मांगीतुंगी, ता. बागलाण, जि. नाशिक.

● मूर्ती : पहिले तीर्थंकर भगवान ऋषभदेव; उभी, कायोत्सर्ग मुद्रा. उंची १०८ फूट. एकाच अखंड पाषाणात कोरलेली.

● वाटचाल : जैन साध्वी गणिनी ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने १९९६ मध्ये संकल्प, २००२ मध्ये शिलापूजन, फेब्रुवारी २०१६ मध्ये पंचकल्याणक प्रतिष्ठा. त्याच वर्षी गिनीज बुकात नोंद.

● घडण : दगड बाहेरून आणून इथे काहीच रचलेले नाही. लाव्हा थंड होताना सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये भेगा पडतात, म्हणून तडा नसलेला एवढा मोठा पाषाण मिळवणे हीच खरी कसोटी. आजूबाजूचा खडक हटवून तो मोकळा करण्यातच अनेक वर्षे गेली. मग कोरीव कामाला हात लागला. चुकून उडालेला टवका परत जोडता येत नाही, त्यामुळे प्रत्येक घाव मोजून घालावा लागतो.

● परंपरा : आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले वेरूळचे कैलास लेणेही असेच खडक काढत, वरून खाली कोरलेले आहे.

● कसे जाल : परभणीहून रेल्वेने मनमाड, पुढे सटाणा, ताहाराबादमार्गे रस्ता. डोंगरावरची प्राचीन लेणी पाहायची तर हजारो पायऱ्या आहेत. पहाटे चढायला लागा, पाणी सोबत ठेवा.