मिरजेच्या रेषेवरची माया नगरे

घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुलांना मिरजेवर बोट ठेवायला सांगा. गोलावर मिरज छापलेले नसते. पण मुंबईच्या खाली, गोव्याच्या वर, किनाऱ्यापासून थोडे आत, एवढे सांगितले की मुले अंदाजाने जागा काढतात. आता बोट त्याच आडव्या रेषेने पश्चिमेकडे न्यायचे. अरबी समुद्र, येमेन, आफ्रिकेतले वाळवंट, अटलांटिक महासागर हे सारे ओलांडले की बोट मध्य अमेरिकेच्या चिंचोळ्या भागावर येते. तिथे ग्वाटेमालाच्या उत्तरेकडील जंगलात तिकाल हे माया लोकांचे प्राचीन नगर उभे आहे. मिरजेच्या आणि तिकालच्या अक्षांशात अर्ध्या अंशाचाही फरक नाही.

म्हणजे आपल्या माथ्यावरचा सूर्य आणि त्यांच्या माथ्यावरचा सूर्य एकाच वाटेने जातो. वर्षातून दोनदा, ७ मेच्या सुमारास आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या आसपास मिरजेत सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. ऑगस्टात ढग असतात, त्यामुळे तो दिवस बहुधा वाया जातो. मे मात्र सुट्टीचा महिना. गच्चीवर स्टीलचा पेला उपडा ठेवून मुलांना बसवावे. सावली चारही बाजूंनी आटत जाते हे त्यांना स्वतःला दिसले पाहिजे. मध्य अमेरिकेतील प्राचीन लोक या दिवसांकडे फार लक्ष देऊन असत. दुर्बीण नसताना त्यांनी आकाशाचा एवढा हिशोब कसा ठेवला, हा प्रश्न त्या पेल्याजवळच सुचतो; पाठ्यपुस्तकातल्या चित्राजवळ सुचत नाही.

आता हिशोबाकडे वळू. आपल्या खेड्यांतली जुनी माणसे वय विचारले की ‘तीन विसा न् दहा’ असे सांगत. म्हणजे सत्तर. माया लोकांचे सारे गणितच असे विसाचे होते. एकासाठी ठिपका, पाचासाठी आडवी रेघ आणि शून्यासाठी शिंपल्यासारखे चिन्ह, एवढ्या तीन खुणांत ते कितीही मोठी संख्या मांडत. अंक खालून वर चढत जायचे. खाली एकं, त्याच्यावर विसा. सत्तर लिहायचे तर खाली दोन रेघा आणि वर तीन ठिपके. चिंचोके, खराट्याच्या काड्या आणि एखादी कवडी घेतली की हा खेळ जमिनीवर मांडता येतो. आजीला विसा ठाऊक असतील तर ती नातवापेक्षा लवकर शिकेल, असा माझा अंदाज आहे.

त्यांची दिनदर्शिका समजावायला आपले पंचांग पुरते. सात वारांचे चक्र वेगळे फिरते, तिथींचे वेगळे. दोन्ही जुळून सोमवारी अमावास्या आली की आपण सोमवती म्हणतो. माया लोकांचे एक चक्र २६० दिवसांचे होते, दुसरे ३६५ दिवसांचे. आज ज्या जोडीचा दिवस आहे, तीच जोडी पुन्हा यायला १८,९८० दिवस लागत, म्हणजे बावन्न वर्षे. याशिवाय दिवसांची एक सलग लांब मोजणी होती. तिचा एक मोठा टप्पा २१ डिसेंबर २०१२ रोजी पुरा झाला आणि जगभर ‘जग बुडणार’ म्हणून ओरड झाली. स्कूटरच्या मीटरवर नवांची रांग संपून शून्ये येतात, तेव्हा स्कूटर काही मोडत नाही!

ही मोजणी इसवी सनापूर्वी ३११४ मध्ये सुरू होते आणि आपले कलियुग ३१०२ मध्ये. बारा वर्षांचाच फरक. इथे मोठ्या माणसांचे भान सुटते. माया म्हणजे आपला मयासुर, पांडवांची मयसभा बांधणारा. तोच तिकडे गेला असणार, असे घरोघर ऐकू येते. १९४० साली चमनलाल यांनी ‘हिंदू अमेरिका’ हे पुस्तकच लिहिले. पण नावातल्या साम्याखेरीज त्याला आधार नाही. भाषा, अवजारे, पिके, कशातही असा संबंध सापडलेला नाही. शून्य आपल्याकडे सुचले आणि समुद्रापलीकडे, आपली वार्ताही नसलेल्या माणसांना तेही सुचले, यात आपले काय कमी होते? मुलांना हेच सांगावे. ‘ते आपलेच’ असे म्हटले की कौतुक त्यांच्याकडून काढून आपण आपल्या खिशात घातले असे होते. परग्रहावरून आलेल्यांनी पिरॅमिड बांधले म्हणणारेही तेच करतात.

साम्य हवेच असेल तर स्वयंपाकघरात भरपूर आहे. तिकडचा दगडी पाटा-वरवंटा आपल्यासारखाच. फक्त त्यावर चुनखडीच्या पाण्यात शिजवलेला मका वाटला जातो आणि त्याची पातळ भाकरी तव्यावर भाजतात. मका त्यांच्याकडचा, मिरचीही तिकडचीच. पोर्तुगीज आले नसते तर आपला ठेचा झालाच नसता. कोकोच्या बियांचे कडू, फेसाळ पेय ते पीत आणि त्याच बिया नाणी म्हणूनही चालत.

त्यांची एक गोष्ट मुलांना हमखास आवडते. ‘पोपोल वूह’ या किचे माया लोकांच्या ग्रंथात देवांनी माणूस घडवण्याचे प्रयोग केले आहेत. मातीचा माणूस विरघळला. लाकडाचा चालला-बोलला, पण त्याला काळीज नव्हते, कृतज्ञता नव्हती. तेव्हा त्याच्या घरातली मडकी, कुत्री आणि पाटे-वरवंटे त्याच्यावर उलटले: तू आम्हांला रोज रगडलेस, आता आमची पाळी. अखेर मक्याच्या पिठाचा माणूस केला, तो टिकला.

मुले नरबळीचेही विचारतील. होते, असे सरळ सांगावे. राजे आपापसांत लढत, कैद्यांना बळी देत. ते लपवून मुलांना गुळगुळीत माया दाखवण्यात अर्थ नाही. आणि सिनेमासारखे तेवढेच दाखवण्यातही नाही.

‘मग ते गेले कुठे?’ हा प्रश्न मुले विचारतातच. नवव्या शतकात अवर्षणे, लढाया यांनी दक्षिणेकडची मोठी नगरे ओस पडली, हे खरे. माणसे मात्र संपली नाहीत. त्यांच्या पोथ्या संपवल्या गेल्या. १५६२ साली युकातानमधील मानी या गावी दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने त्या ढिगाने जाळल्या. आज चार उरल्या आहेत. गंमत अशी की याच लांदाने लिहून ठेवलेल्या टिपणातली अक्षरे पुढे किल्ली ठरली. १९५२ साली लेनिनग्राडमध्ये बसून युरी क्नोरोझोव्ह या रशियन अभ्यासकाने माया लिपी उच्चारांची आहे हे दाखवले. तोवर त्याने माया भूमी पाहिलीही नव्हती. आणि डेव्हिड स्टुअर्ट! आईवडिलांबरोबर लहानपणी अवशेषांत हिंडणारा हा मुलगा दगडांवरची चिन्हे वहीत उतरवत बसे. बाराव्या वर्षी त्याने विद्वानांपुढे निबंध वाचला, अठराव्या वर्षी, १९८४ मध्ये, त्याला अमेरिकेतील मानाची मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली.

मिरजकरांना हे फार दूरचे वाटू नये. इथल्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले मोडी कागद वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड काढले. ते वाचणारा मिळाला म्हणून उरले. किती घरांतल्या ट्रंकांत खापरपणजोबांचे मोडी कागद आहेत आणि घरात एकालाही त्यांतली ओळ लागत नाही!

ग्वाटेमालात १९६० ते १९९६ या काळात यादवी युद्ध झाले. दोन लाखांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली, त्यांतली बहुतेक माया होती. किचे माया स्त्री रिगोबेर्ता मेंचू यांना १९९२ चे शांततेचे नोबेल मिळाले, ते या काळातच. आणि त्याच सुमारास लिंडा शील ही अमेरिकन अभ्यासक तिथे जाऊन माया लोकांसाठी त्यांच्या प्राचीन लिपीचे वर्ग घेत होती. तिथल्या डोंगराळ भागात २६० दिवसांची मोजणी राखणारे जाणते आजही आहेत. लिपी मात्र त्यांच्याकडून हिरावली गेली होती. त्या वर्गांत मोठी माणसे कागद-पेन्सिल घेऊन बसली आणि पूर्वजांची चिन्हे गिरवू लागली.