माळावरचा रातवा ओळखायचा कसा?

तायांनो, दिवस बुडाला की माळाच्या अंगाने ‘चक्-चक्-चक्-चक्र्र्र’ असा आवाज येतो, ऐकलाय ना? कडक जमिनीवर खडा फेकावा आणि तो टप्पे घेत थांबावा, तसा. पहिले टप्पे सावकाश, शेवटचे घाईघाईने. तो रातवा. जिंतूरकडच्या माळांसारखी मोकळी, खुरट्या झुडपांची जागा त्याला मानवते.

बरेच जण त्याला पिंगळाच समजतात. पण पिंगळा झाडावर नाहीतर खांबावर ताठ बसतो आणि गोल डोळ्यांनी समोर बघतो. रातवा जमिनीला चिकटून बसतो. साळुंकीएवढा, लांब पंखांचा, रंग वाळल्या पाचोळ्याचा. दिवसा दोन हातांवर असला तरी दिसत नाही. रात्री बॅटरीच्या उजेडात वाटेवर लालसर डोळे चमकले, पाखरू आवाज न करता उडालं आणि पंखांवर पांढरे ठिपके दिसले, तर तोच.

चोच इवलीशी, पण तोंड उघडलं की केवढं मोठं! उडता उडताच पतंग, भुंगेरे गिळतो. हुमणीचे भुंगेरे, बोंडअळीचे पतंग रात्रीच निघतात आणि याची शिकारीची वेळही तीच. याच्यामुळे फवारणी वाचेल असं मी म्हणणार नाही, पण हा गडी मजुरी मागत नाही.

युरोपात पूर्वी लोक म्हणायचे, हा रात्री शेळ्यांचं दूध पितो. त्याचं शास्त्रीय नावही त्यावरूनच पडलं. खरं तर तो जनावरांभोवतीच्या किड्यांसाठी येतो. शेळीची कास सुजली तर पाखराला दोष न देता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

आता मुख्य गोष्ट. रातवा घरटं बांधतच नाही. उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच दोन अंडी घालतो, मातकट, ठिपक्यांची. नेमकी तेव्हाच आपली धसकटं वेचायची, बांध पेटवायची घाई असते. अगदी पायाखालून पाखरू उडालं तर पुढचं पाऊल टाकू नका, आधी खाली बघा. अंडी दिसली तर हात न लावता तेवढी जागा सोडा, जवळ काठी रोवून बाकीच्या बायकांना सांगा. तिथला बांध तर पेटवूच नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने याला संरक्षण आहे.

ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. तिच्यात रातवा आहे का, ते ग्रामसभेत विचारा. नसेल तर कुठे, कोणत्या महिन्यात दिसला ते सांगून लिहून घ्यायला लावा.