चार तासांची गाडी, बारा तासांचे काम

न्यूयॉर्क शहराच्या स्वच्छता खात्याकडे दोन मोठी कामे आहेत. रोजचा सुमारे २ कोटी ४० लक्ष पौंड कचरा उचलणे हे एक, आणि हिवाळ्यात बर्फ पडला की रस्ते मोकळे करणे हे दुसरे. ही दोन्ही कामे शहराने एकाच गाडीवर सोपविली आहेत. हिमवर्षावाचा इशारा मिळाला की कचरागाडीच्या पुढे लोखंडी फाळ बसवितात, चाकांना साखळ्या घालतात आणि तीच गाडी बर्फ ढकलीत निघते. विजेवरील कचरागाड्यांच्या तेथील चाचणीचे मर्म या व्यवस्थेत आहे.

२०४० पर्यंत महापालिकेची सर्व वाहने विजेवर आणावयाची, असे शहराने २०२० साली ठरविले. मॅक कंपनीची गाडी रोजच्या फेरीत घालून पाहिली व पुढे तशा सात गाड्यांची मागणी नोंदविली. कचरा उचलण्याच्या कामाला ही गाडी साजेशीच आहे. थोडे चालावे, थांबावे, पुन्हा चालावे, असे ते काम. कचरा दाबणाऱ्या यंत्रालाही डिझेलच्या इंजिनाचीच शक्ती लागत असल्यामुळे गाडी दारात उभी असतानाही इंजिन धडधडत व धूर ओकत राहते. उलट विजेची गाडी वेग कमी करताना दर वेळी थोडी वीज परत मिळविते. शिवाय फेरी ठरलेली आणि मुक्कामही ठरलेला. दक्षिण ब्राँक्समध्ये कचरा हस्तांतरणाची केंद्रे दाटीने उभी आहेत आणि मुलांमध्ये दम्याचे प्रमाण मोठे आहे. तेथे धूर कमी होणे ही चैन नव्हे.

परंतु फाळ लावताच हिशेब फिरतो. बर्फ सतत ढकलीत राहावयाचे. थांबणे नाही, म्हणून विजेची परतफेडही नाही. आणि थंडीने बॅटरी आधीच खालावलेली. तत्कालीन आयुक्त जेसिका टिश यांनी २०२२ साली नगरपरिषदेपुढे स्पष्ट सांगितले की, या गाड्या चार तासांत थकतात. गरज बारा तासांची आहे.

हा आकडा तेथील नागरिकाला क्षुल्लक वाटणार नाही. फेब्रुवारी १९६९ मधील हिमवादळात ४२ माणसे दगावली, क्वीन्समधील रस्ते कित्येक दिवस बंद राहिले, आणि पाहणीस गेलेल्या महापौर जॉन लिंडसे यांची रहिवाशांनी हुर्यो उडविली. बर्फ काढण्याच्या सामग्रीपैकी मोठा भाग त्या वेळी नादुरुस्त होता.

म्हणून आयुक्तांनी निकाल लोकप्रतिनिधींपुढे उघड ठेवला, हे आम्हांस मोलाचे वाटते. विकणारा आपले यंत्र अनुकूल दिवशीच दाखवितो. घेणाऱ्याने ते प्रतिकूल दिवशी पाहावयाचे असते. (आपल्याकडे अशी चाचणी भर जुलैत, तुंबलेल्या रस्त्यावरच व्हावी!)

तथापि एवढ्यावर डिझेलला अभय मिळू नये. २०२४ पर्यंत शहराने आपल्या मालमोटारी वनस्पतिजन्य व टाकाऊ तेलांपासून केलेल्या डिझेलवर आणल्या. कार्बनच्या हिशेबात ही सुधारणा खरी, पण धुराडे जेथल्या तेथेच राहिले. खात्याजवळ दोन हजारांहून अधिक कचरागाड्या आहेत. त्या सर्वांनी एकाच वेळी दोन्ही कामांस योग्य ठरले पाहिजे, हा आग्रह कशासाठी? दक्षिण ब्राँक्सच्या फेऱ्या प्रथम विजेच्या गाड्यांना द्याव्यात. फाळ ओढावयास इतर प्रभागांतील डिझेलच्या गाड्या अजून पुष्कळ वर्षे आहेत.