खोलीतल्या उरलेल्या एकोणतीस जणांचं मत
समाजमन आणि स्त्री : लेखांक सातवा

मत बदललं तरी वागणं जागचं का हलत नाही, हा प्रश्न या लेखमालेत वारंवार डोकं वर काढतो आहे. त्याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर सौदी अरेबियातल्या एका प्रयोगात सापडतं. लिओनार्डो बर्श्टिन, अलेसांद्रा गोन्झालेझ आणि डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या तीन संशोधकांनी तो रियाधमध्ये केला आणि २०२० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

बायकोनं घराबाहेर नोकरी करायची की नाही, यात तिथे नवऱ्याचा शब्द अखेरचा असे. म्हणून संशोधकांनी सुमारे ५०० तरुण विवाहित पुरुषांना तीस-तीसच्या गटांनी बोलावलं. एका गटातली माणसं आसपासच्याच वस्तीतली होती. पुष्कळजण एकमेकांना ओळखत होते. बायकांना घराबाहेर काम करण्याची मुभा असावी का, असं प्रत्येकाला एकट्याला, नाव गुप्त ठेवून विचारलं. मग दुसरा प्रश्न आला : या खोलीतल्या बाकीच्या एकोणतीस जणांपैकी किती जण 'हो' म्हणाले असतील? अंदाज सर्वांत अचूक निघेल त्याला बक्षीस होतं, त्यामुळे कोणी उगाच आकडा ठोकून देण्याचं कारण नव्हतं.

'हो' म्हणणारे निघाले सुमारे ८७ टक्के. आणि जवळपास तीन चतुर्थांश पुरुषांनी शेजाऱ्यांच्या पाठिंब्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी बांधला होता.

हे वाचताना मी थबकले. खोलीतला जवळजवळ प्रत्येक पुरुष मनातून राजी आहे, आणि तरीही बहुतेकांना वाटतं आहे की आपल्यासारखे आहेत त्याहून कमीच. ज्याची भीती बाळगायची तो विरोध त्या खोलीत जेमतेम चार जणांचा!

मानसशास्त्रात या स्थितीची चर्चा फ्लॉइड ऑलपोर्ट यांच्यापासून, म्हणजे १९३०च्या आसपासपासून सुरू आहे. ती तयार होते ती अशी. दुसऱ्याचं मन आपल्याला दिसत नाही, वागणं तेवढं दिसतं. शेजाऱ्याची बायको घरात आहे आणि तो काही बोलत नाही, यावरून त्याला हेच पसंत आहे असा अर्थ आपण काढतो. वास्तविक आपलीही बायको घरातच आहे आणि आपणही गप्पच आहोत. पण आपलं गप्प बसणं नाइलाजाचं आणि त्याचं मात्र संमतीचं, असा हिशेब मन बिनदिक्कत करतं. शेजारीही आपल्याबद्दल नेमका तसाच हिशेब करत असतो. त्यात जे थोडे विरोधक असतात, ते मोठ्यानं बोलतात. 'माझं काही नाही हो, पण भावकी काय म्हणेल,' हे वाक्य महाराष्ट्रातल्या घराघरांत ऐकू येतं. भावकीतला प्रत्येकजण ते म्हणत असेल, अशी शंका हा प्रयोग वाचल्यावर मला येऊ लागली आहे.

प्रयोगाचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. निम्म्या पुरुषांना त्यांच्याच खोलीतला खरा आकडा सांगण्यात आला, उरलेल्यांना नाही. मग सर्वांना दोन गोष्टींतली एक निवडायला सांगितली : खरेदीचं कूपन, नाहीतर बायकोला नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत तिचं नाव नोंदवणं. आकडा न कळलेल्यांपैकी २३ टक्क्यांनी बायकोचं नाव नोंदवलं, कळलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. तीन ते पाच महिन्यांनी फोन करून विचारलं, तेव्हा घराबाहेरच्या नोकरीसाठी अर्ज केलेल्या बायकांचं प्रमाण पहिल्या गटात ६ टक्के होतं आणि दुसऱ्यात १६. ना व्याख्यान, ना प्रबोधन. फक्त शेजाऱ्याचं खरं मत कानावर पडलं होतं.

मात्र हा उपाय सगळीकडे लागू पडणार नाही. बहुमत खरोखरच विरोधात असेल, तर खरा आकडा कळून माणूस आणखी दबेल. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावातल्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. लोकांच्या रोषाची ती भीती काल्पनिक नव्हती. अशा ठिकाणी कुणालातरी आधी किंमत मोजावी लागते, आणि ती कर्व्यांनी व आनंदीबाईंनी मोजली.

रियाधमध्येही अर्ज वाढले, मुलाखती वाढल्या, पण प्रत्यक्ष नोकरीवर लागलेल्या बायकांच्या संख्येत ठाम म्हणावा असा फरक तेवढ्या महिन्यांत दिसला नाही. अर्जानंतरही जाण्यायेण्याची सोय लागते, मुलं सांभाळणारं कुणी लागतं, मुळात नोकरी असावी लागते. आणखी एक गोष्ट मला डाचते. खोलीत तीस पुरुष होते, प्रश्न त्यांना होता, आणि तो 'मुभा असावी का' असा होता. मुभा देणारा कोण, हे त्या प्रश्नात आधीच ठरून गेलं होतं. त्या घरांतल्या बायकांना एकमेकींच्या इच्छेबद्दल काय वाटत होतं, हे त्या खोल्यांत कुणी विचारलंच नाही. माझ्या मते पुढचा प्रयोग तिथून सुरू व्हायला हवा.

पुढच्या आठवड्यात आपण हरियाणातल्या शाळांत जाऊ. तिथे सातवी ते दहावीच्या वर्गांत मुलामुलींना स्त्री-पुरुष समानतेवर अडीच वर्षं बोलतं केलं गेलं, आणि त्यानंतर मुलांचं घरातलं वागणं मुलींच्या वागण्यापेक्षा जास्त बदललेलं आढळलं.