अपघातानंतरचा निबंध की आधीचा धडा? – रस्ता सुरक्षा आणि आपलं गाव



आमच्या पालकसभेत एकदा एक बाबा कौतुकाने म्हणाले, "बाईनू, माझो झील सातवीत आसा, पण गाडी माझ्यापेक्षा बरी चलयता." सगळे हसले. मीही हसले. घरी जाताना मात्र ते हसू टोचत राहिलं.

१९ मे २०२४ ची पहाट आठवा. पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या महागड्या गाडीने मोटरसायकलला धडक दिली. दोन तरुण अभियंते गेले. मुलाला जामीन देताना घातलेल्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अटही होती. त्यावर देशभर संताप उसळला. मी शिक्षिका, मुलांकडून निबंध लिहून घेणं हे माझं रोजचं काम. पण अपघातानंतर लिहिलेला निबंध कोणालाच परत आणत नाही. म्हणून धडा आधी शिकवायला हवा.

मैदानावरचं गणित

हा प्रयोग तुमच्या शाळेत जरूर करा. लागतो फक्त मीटर टेप आणि चुना.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ताशी ६० वेगाची गाडी जाते जवळपास १७ मीटर. समोर गाय दिसली की ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला ४० च्या गाडीला आणखी सुमारे ९ मीटर लागतात, ६० च्या गाडीला सुमारे २० मीटर.

म्हणजे एकूण अंतर झालं २० मीटर आणि ३७ मीटर. वेग दीडपट, पण ब्रेकनंतरचं अंतर सव्वादोनपट! आता गाय २० मीटरवर उभी आहे असं समजा. ४० ची गाडी तिच्यापाशी थांबते. ६० ची गाडी मात्र अजून पन्नासच्या वर असते, आणि तशीच धडकते. चुन्याच्या रेघा मारून हे दाखवलं की मुलांच्या चेहऱ्यावरच धडा उमटतो. रस्ता ओला असेल तर हे अंतर आणखी वाढतं, हेही सांगा.

आपल्याकडचे धोके

आपले रस्ते अरुंद. दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे, त्यावर झाडी, त्यामुळे वळणापलीकडचं काही दिसत नाही. पहिल्या पावसात तांबडी माती रस्त्यावर येते आणि गाडी घसरते. तारकर्ली-देवबागचा रस्ता एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी अशा चिंचोळ्या पट्टीतून जातो. सुट्टीत तिथे पर्यटकांच्या गाड्या आणि आपली मुलं एकाच रस्त्यावर असतात. जत्रांच्या दिवसांत दशावतार बघून पहाटे डोळ्यांवर झोप घेऊन एका दुचाकीवर तिघे परततात. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय ना?

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती.

कायदा काय म्हणतो?

• गिअरची दुचाकी किंवा चारचाकी चालवायला वय १८ पूर्ण हवं. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर दुचाकीचा.
• २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही.
• चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्यालाही.
• जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. पोलीस त्याला नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत.

हा शेवटचा मुद्दा घरोघरी पोचायला हवा. अपघातानंतरचा पहिला तास सर्वांत मोलाचा. आपल्याकडून गंभीर जखमीला बऱ्याचदा गोव्यात बांबोळीला न्यावं लागतं, आणि तासाभरात पोचण्यासारखं ते अंतर नाही. म्हणून व्हिडिओ काढण्याआधी १०८ ला फोन करा.

गावात काय करता येईल?

१. ग्रामसभेत धोक्याच्या वळणांची यादी मांडा. तिथली झाडी तोडणं, फलक आणि बहिर्वक्र आरसा लावणं यासाठी ठराव करा.
२. मनाने गतिरोधक घालू नका. रंग नसलेला गतिरोधक रात्री स्वतःच अपघात घडवतो. बांधकाम विभागाकडे रीतसर मागणी करा.
३. रात्री गुरं रस्त्यावर सोडू नका.
४. शाळा व्यवस्थापन समितीत ठरवा की शाळा सुटताना फाटकाबाहेर रोज एक मोठं माणूस उभं राहील.
५. जत्रेला जाताना परतीची गाडी कोण चालवणार ते आधीच ठरवा. त्याने त्या रात्री दारूला हात लावायचा नाही.

पण पालकहो, पहिला उपाय घरातच आहे. गाडीची चावी खुंटीवर असते, आणि ती कोणाच्या हातात द्यायची हे तुम्ही ठरवता. पोरगा "फक्त दुकानापर्यंत जातंय" म्हणाला, तरी त्या रस्त्यावरही एक सेकंद म्हणजे ११ मीटरच असतात.

पुढच्या सभेत ते बाबा परत तसं म्हणाले, तर मी नुसती हसणार नाही. त्यांना मैदानावर नेऊन त्या दोन रेघा दाखवणार आहे. तुम्हीही तुमच्या गावात दाखवा.