एक बाइट जास्त

पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरते. टेपच्या कडेला पांढरी पूड दिसली, की ती कॅसेट आता फार दिवस टिकणार नाही हे ठरलेलं. 1986 साली ठाण्यात आमच्या घरी मामानं इंग्लंडहून आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम कॉम्प्युटर होता आणि त्यावर केलेलं सगळं काम कॅसेटवरच राहायचं. म्हणून मी कॉपीचा प्रोग्राम लिहायला घेतला.

दोन टेपरेकॉर्डर वायरीनं जोडून कॉपी निघते, पण खरखरही सोबत येते. कॉपीच्या कॉपीत ती आणखी वाढते. त्यापेक्षा मजकूर मेमरीत घ्यायचा आणि तिथून नव्यानं टेपवर उतरवायचा. मग आवाज कोरा करकरीत निघतो, कारण कॉम्प्युटर प्रत्येक स्पंद स्वतः घडवतो: शून्याचा आखूड, एकाचा दुप्पट लांब.

टेप वाचणारं रूटीन स्पेक्ट्रमच्या रॉममध्येच आहे, पत्ता 1366. मजकूर कुठे ठेवायचा, किती बाइट घ्यायचे आणि फाइलचं नाव-लांबी सांगणारा हेडर आहे की डेटा, एवढं त्याला सांगावं लागतं. अडचण बाइटच्या आकड्याची. काही फायलींना हेडरच नसतो, मग लांबी कळणार कुठून? त्यावर एक युक्ती होती. मुद्दाम भरमसाट आकडा मागायचा. आवाज संपला की रूटीन हात हलवत परत येतं, पण आयएक्स रजिस्टरमध्ये ते कुठवर पोचलं होतं तो पत्ता राहतो. त्यातून सुरुवातीचा पत्ता वजा केला की लांबी मिळाली.

चाचणीला एक चित्र घेतलं. स्पेक्ट्रमचं पडदाभर चित्र नेमकं 6912 बाइटचं असतं, टेपवरून यायला साधारण 40 सेकंद लागतात. पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे धावले, थांबले. आकडा उमटला: 6913. कॉपी लोड करून पाहिली, चित्र बिनचूक आलं. कॉपीची कॉपी केली, आकडा 6914. चित्र तरीही बिनचूक.

"चित्र येतंय ना? मग सोड की," मित्र म्हणाला. मला ते सोडवेना. दर पावसाळ्यात कॉपीवरून कॉपी निघणार होती. प्रत्येक वेळी फाइलला एक बाइट चिकटत गेला, तर ती माझी फाइल राहिली असं कसं म्हणायचं?

पहिला संशय टेपवर गेला. शेवटच्या खरखरीला रूटीन बाइट समजत असेल, म्हणून कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून हेड पुसलं, हेडचा स्क्रू किंचित फिरवून आवाज लख्ख केला. फरक शून्य. आणि खरखर दर वेळी मोजून एकच बाइट कशी देईल? तेव्हा हेडरच्या आकड्याकडे लक्ष गेलं. तो 18 दाखवत होता. स्पेक्ट्रमचा हेडर 17 बाइटचा असतो: एक प्रकाराचा, दहा नावाचे, सहा लांबी वगैरेंचे. इतका वेळ तो आकडा समोर होता आणि मी चित्राचाच आकडा बघत बसलो होतो.

तो जादा बाइट पॅरिटीचा होता. स्पेक्ट्रम सगळ्या बाइटांचा एक्सऑर काढून तो टेपवर शेवटी लिहितो. वाचताना रूटीनला खरी लांबी माहीत असेल, तर पुढचा बाइट ते तपासणीला वापरतं, मेमरीत ठेवत नाही. मी भरमसाट मागत होतो, त्यामुळे त्यानं तोही मजकूर समजून ठेवला आणि मी तो इमानानं पुढच्या टेपवर लिहिला. लोड करताना हेडरमधला आकडा 6912च. तेवढे बाइट घेऊन पुढचा तपासला, तो जुना पॅरिटी बाइट, आणि तो जुळणारच! त्याच्यामागे काय आहे हे कोणी बघतच नव्हतं. दोष असा लपला होता.

लांबीतून एक वजा करायचा, एवढंच काम. पण त्यासाठी मधे एक सूचना घुसवली, तर पुढचे सगळे पत्ते एकानं सरकणार. असेंब्लर नव्हता, वहीत हातानं मांडलेला कोड पोक आज्ञेनं मेमरीत भरायचो. पानभर उड्या पुन्हा मोजायच्या, या विचारानंच मी दोन संध्याकाळी हात लावला नाही. मग वजाबाकीची ओळ वाचताना दिसलं, की ती एसबीसी आहे, कॅरी, म्हणजे हातचा, असला तर आणखी एक वजा करणारी. तिच्याआधी कॅरी पुसायला मीच 167 लिहिलं होतं. त्याच जागी कॅरी चढवणारा 55 पोक केला. एका बाइटच्या जागी एक बाइट, बाकी काही हललं नाही.

चित्र पुन्हा टेपवरून घेतलं. 17. 6912. कॉपीची कॉपी केली. 17. 6912.